साईट बंद पडली: डोमेन संपलं की होस्टिंग?

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतला कारखानदार घ्या, जळगावचा डाळमिलवाला घ्या, नाही तर नंदुरबारचा मिरचीचा व्यापारी. वेबसाईटचं कोण बघतं असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "एक पोरगा आहे, त्याला दरवर्षी पैसे देतो." पैसे कशाचे देता म्हटलं की गाडी अडते. ते पैसे दोन वेगळ्या गोष्टींचे असतात, डोमेनचे आणि होस्टिंगचे. बिलावर मात्र ओळ एकच: 'वेबसाईट रिन्युअल'. दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळीत, आपापल्या संपायच्या तारखेसह लिहून मागा, असं मी भेटेल त्याला सांगतो. या गोंधळात माणसं आपल्या धंद्याचं नाव गमावतात.

डोमेन म्हणजे इंटरनेटवरचं तुमचं नाव. संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात, पण माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून 1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस नावाची व्यवस्था आखली: नाव विचारा, आकडा मिळेल. आजही तीच चालते. हे नाव कायमचं विकत मिळत नाही, ते नोंदवावं लागतं, एका वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत. नोंद करून देणारी कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. तिच्या वर मूळ वही सांभाळणारी संस्था असते. डॉट इनची वही निक्सी या भारतातल्या संस्थेकडे आहे, डॉट कॉमची व्हेरिसाईन या कंपनीकडे.

होस्टिंग म्हणजे जागा. तुमच्या साईटच्या फाईली, फोटो, डेटाबेस आणि बऱ्याचदा मेलसुद्धा दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याने ठेवलेली असतात. बाजारातला गाळा सोडून दुसरीकडे गेलात तरी दुकानाची पाटी तुमच्यासोबत येते, तसं होस्टिंग बदललं तरी डोमेन तेच राहतं. त्यामुळे होस्टिंग गेलं तर ते नुकसान पैशाने आणि मेहनतीने भरून निघतं, बॅकअप असेल तर एका दिवसात. डोमेन गेलं आणि दुसऱ्याने उचललं, तर पैसे मोजूनही ते परत मिळेलच असं नाही.

"भाऊ, मनी साईट बंद पडी गई." असा फोन आला की माझा पहिला प्रश्न एकच असतो: स्क्रीनवर काय लिहून आलंय, ते जसंच्या तसं वाचा. अर्धं निदान तिथेच होतं. बारीक अक्षरात 'एनएक्सडोमेन' असा शब्द असेल तर त्या नावाचा पत्ताच सापडत नाहीये, म्हणजे डोमेनकडे बघायचं. साईटच्या जागी भलत्याच जाहिराती किंवा 'डोमेन एक्स्पायर्ड' असं पान दिसत असेल, तरीही तेच. 'अकाउंट सस्पेंडेड' दिसलं तर नाव शाबूत आहे, होस्टिंगचे पैसे थकलेत किंवा काही नियम मोडलाय. '500 इंटर्नल सर्व्हर एरर' किंवा डेटाबेस जोडता येत नाही असा मजकूर म्हणजेही होस्टिंग. 'कनेक्शन सुरक्षित नाही' हा इशारा बहुतेक वेळा सर्टिफिकेटची, म्हणजे साईटशी होणारी जोडणी सुरक्षित असल्याच्या दाखल्याची, मुदत संपल्याचा असतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची मोफत सर्टिफिकेटं 90 दिवसांची असतात, आपोआप नवी होणं थांबलं की हा इशारा येतो. तेही काम होस्टिंगवाल्याचं.

मेलचंही असंच. समोरच्याला मेल परत गेला असेल तर तो परत आलेला मेल मागवून घ्या आणि इंग्रजी मजकूर नीट वाचा. 'डोमेन नॉट फाउंड' म्हणजे नाव हरवलंय. 'मेलबॉक्स फुल' किंवा 'कोटा एक्सीडेड' म्हणजे जागा भरली, होस्टिंग किंवा मेलची सेवा बघायची. सर्व्हर नुसता बंद असेल तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल लगेच टाकून देत नाही, चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. म्हणून होस्टिंग एक दिवस बंद राहिलं तर मेल उशिरा येतात, हरवत नाहीत. हे ठाऊक नसल्याने इंदूर-सुरतच्या गिऱ्हाइकाला घाबरून दहा फोन करणारे मी पाहिलेत.

आता खरी गुंतागुंतीची जागा, जिथे दोन्हीकडचे कस्टमर केअर एकमेकांकडे बोट दाखवतात. डोमेनसोबत 'नेमसर्व्हर' लिहिलेले असतात. या नावाची माहिती कुणाला विचारायची, एवढंच ते जगाला सांगतात. आणि त्या नेमसर्व्हरवर बाकीच्या नोंदी असतात: साईट कुठल्या सर्व्हरवर आहे ती 'ए' नोंद, मेल कुठे पोचवायचा ती 'एमएक्स' नोंद, तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला आहे ती 'एसपीएफ' नोंद. बहुतेकांचे नेमसर्व्हर होस्टिंग कंपनीचे असतात. अशा वेळी रजिस्ट्रारच्या पॅनलवर एमएक्स कितीही बदला, काही होत नाही, कारण तिथली नोंद कुणी वाचतच नाही.

अवधानचे एक शेतीअवजारांचे कारखानदार याच फेऱ्यात अडकले होते. मेल बंद, म्हणून त्यांनी रजिस्ट्रारला फोन केला. तिथल्या मुलीने पॅनल उघडायला लावलं, एमएक्स नोंद भरून घेतली आणि दोन दिवस थांबा म्हणाली. थांबले. मग होस्टिंगवाला म्हणाला, आमचा सर्व्हर चालू आहे, डोमेनवाल्याला विचारा. मी गेलो तेव्हा त्यांच्या टेबलावर तक्रारींचे क्रमांक लिहिलेला कागद होता. कागदावर सगळं होतं, फक्त नेमसर्व्हर कुणाचे, हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. ते होस्टिंगचे होते, आणि होस्टिंगच्या पॅनलवर एमएक्स जुन्याच सर्व्हरची होती. "आप्पा, हे इथे बदलायचं होतं," म्हणालो. संध्याकाळपर्यंत मेल सुरू झाले. फोनवरच्या मुलीने सांगितलेलं चुकीचं नव्हतं, पण ते त्यांच्या डोमेनला लागू नव्हतं, आणि तिने ते तपासायला हवं होतं.

म्हणून कुणालाही फोन लावण्याआधी 'हूइज', म्हणजे डोमेनची नोंद दाखवणारी सेवा, इंटरनेटवर शोधून तिथे आपलं डोमेन टाका. नेमसर्व्हर, मुदतीची तारीख, रजिस्ट्रार, तिन्ही एका पानावर दिसतात. मुदत वाढवणं, नेमसर्व्हर बदलणं, डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर त्याचं लॉक काढणं आणि ट्रान्सफरचा कोड देणं ही रजिस्ट्रारची कामं. जागा वाढवणं, मेलबॉक्सचा पासवर्ड, साईट उघडत नाही, बॅकअप ही होस्टिंगची. नोंदी ज्याचे नेमसर्व्हर, त्याच्याकडे. फोनवर हे एक वाक्य आधी बोला: "माझे नेमसर्व्हर अमुक कंपनीचे आहेत." टोलवाटोलवी तिथेच कमी होते.

एसपीएफचं मुद्दाम सांगतो. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले: एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे पटवणारी डिजिटल सही) यापैकी एक तरी हवंच, आणि रोज हजारोंनी मेल पाठवणाऱ्याला दोन्ही. आपलं कोटेशन गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये पडतंय अशी तक्रार असेल तर आधी ही नोंद तपासा. होस्टिंग बदलताना ती जुन्याच सर्व्हरच्या नावाने राहून जाते.

मुदत संपल्यावर काय होतं, यात डोमेन आणि होस्टिंगमध्ये मोठा फरक आहे. डॉट कॉमसारख्या नावांना आयकॅन या संस्थेचे नियम लागू होतात. मुदतीआधी साधारण महिनाभर आणि आठवडाभर, अशा दोन सूचना रजिस्ट्रारने द्यायच्या असतात. नंतर काही दिवस साध्या दराने नूतनीकरण होऊ शकतं. रजिस्ट्रारने नाव रद्द केलं तरी 30 दिवस ते जादा दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि त्यानंतर ते कुणालाही खुलं. डॉट इनला आयकॅनचे हे नियम लागू नाहीत, त्याचे नियम निक्सीचे. होस्टिंगला तर असा कुठला नियमच नाही. कंपनीच्या अटींत लिहिलेल्या मुदतीनंतर ती तुमचा डेटा पुसू शकते. अटी वाचा, आणि महिन्यातून एकदा पूर्ण बॅकअप स्वतःच्या डिस्कवर घ्या.

त्या सूचना जातात कुठे, हे सगळ्यात महत्त्वाचं. नोंदीत जो ईमेल आहे तिथे. आपल्याकडे तो 'त्या पोराचा' असतो. पोरगा पुण्याला नोकरीला गेला, तो ईमेल बघत नाही, आणि इथे अमळनेरात मालकाला एके सकाळी कळतं की साईट गेली. कधी कधी नाव नोंदवलेलंही त्याच्याच नावावर असतं. त्यात लबाडी असतेच असं नाही, त्याने आपल्या खात्यातून पटकन काम करून दिलेलं असतं. पण कागदोपत्री मालक तो. रजिस्ट्रार तुमचं दुकान किती जुनं आहे ते बघत नाही, नोंदीतलं नाव बघतो. संबंध चांगले आहेत तोवरच नोंद स्वतःच्या नावावर करून घ्या. आणि नोंदीत त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेन बंद पडलं की सूचनाही तिथेच अडकते. साधा जीमेल द्या.

धोका साईटपुरता नाही. जीएसटी, बँक, ई-वे बिल, सगळीकडे तोच ईमेल दिलेला असेल तर सुटलेलं डोमेन घेणारा माणूस उद्या तुमच्या पत्त्यावर येणारे पासवर्ड बदलायचे मेल वाचू शकतो. म्हणून धंदा बंद करताना किंवा नाव बदलतानाही जुनं डोमेन काही वर्षं चालू ठेवा आणि आधी प्रत्येक ठिकाणचा ईमेल बदला.

होस्टिंग बदलायचं असेल तर क्रम असा ठेवा. नव्या जागी मेलबॉक्स त्याच नावांनी आधी तयार करा, फाईली हलवा, मग नेमसर्व्हर किंवा नोंदी बदला. बदल सगळीकडे पोचायला काही तासांपासून दोन दिवस लागतात, तोवर काही मेल जुन्या सर्व्हरवर पडतात, म्हणून जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका. आणि आऊटलुक किंवा थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्राम आयमॅप या पद्धतीवर असेल तर बदलाआधी जुने मेल वेगळ्या फाईलमध्ये काढून घ्या. आयमॅप सर्व्हरवर जे आहे तेच दाखवतं. नवा सर्व्हर रिकामा असेल तर वर्षानुवर्षांचे मेल तुमच्या संगणकावरूनही निघून जातात.