कोरफडीच्या एका पानात दोन औषधं

विदर्भातल्या खेड्यांत बऱ्याच घरांच्या चौकटीला कोरफड मुळासकट उलटी टांगलेली दिसते. नजर लागू नये म्हणून. नजरेचं काय ते राहू द्या, पण चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर चढतो, त्या दिवसांतही मातीपाण्यावाचून ती हिरवी कशी राहते? वावरातली पऱ्हाटी उपटून ठेवली तर दुपारपर्यंत मान टाकते.

बहुतेक झाडं दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच वाटेनं त्यांचं पाणी उडून जातं. कोरफड ही दारं रात्री उघडते. आत आलेला वायू ती मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते आणि उजाडलं की दारं लावून घेऊन त्या साठ्यावर अन्न तयार करते. पाणी अगदीच तुटलं तर रात्रीही छिद्रं बंद. मग स्वतःच्याच श्वसनातून निघालेला वायू ती पुन्हा वापरते आणि वाढ थांबवून नुसती तग धरून राहते. अरबी द्वीपकल्पातून आलेल्या या वनस्पतीला आपला मे महिना तसा ओळखीचाच.

आता पान आडवं कापून पाहा. हिरव्या सालीच्या लगेच खालून पिवळा, कडूजहर चीक पाझरतो. त्याच्या आत काचेसारखा पारदर्शक गर असतो, त्याला फारशी चव नाही. हे दोन पूर्णपणे वेगळे पदार्थ आहेत. कोरफडीबद्दल जो गोंधळ आहे, त्यातला बराचसा या दोघांना एकच समजल्यामुळे झालेला आहे.

जुना इतिहास जवळजवळ सगळा पिवळ्या चिकाचा आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १५५० मधल्या इजिप्तच्या एबर्स पपायरस या वैद्यकीय हस्तलिखितात कोरफडीचा उल्लेख असल्याचं मानतात. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस तिचे गुण सविस्तर सांगतो. कोरफडीसाठी सिकंदरानं येमेनजवळचं सोकोत्रा बेट घेतलं ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ती आख्यायिकाच समजावी, आणि त्या बेटावरची कोरफड मुळात दुसऱ्या जातीची आहे. कोरफडीच्या पाचशेहून जास्त जाती आहेत.

व्यापार चालायचा तो आटवलेल्या चिकाचा. पानं कापून तिरकी मांडायची, निथळलेला चीक कढवून काळा दगडासारखा करायचा. वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटावरून तो वाळलेल्या भोपळ्यांत भरून युरोपला जाई. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा काळा बोळ तो हाच. आयुर्वेदात कुमारी म्हणून ती येते, कुमार्यासवात तिचा रस असतो आणि रजःप्रवर्तिनी वटीत काळा बोळ. सोळाव्या शतकातला भावप्रकाश हा ग्रंथ तिला रेचक म्हणतो, आणि ते अचूक आहे. चिकातला अॅलॉइन हा पदार्थ १८५१ मध्ये एडिंबरात वेगळा काढला गेला. तो जठरात काहीच करत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं रूप बदलतात, मग आतड्याची हालचाल वाढते आणि पाणी शोषलं जात नाही. म्हणून रात्री घेतलेल्या मात्रेचा परिणाम सकाळी दिसतो.

गराची कीर्ती मात्र अलीकडची. लोक भाजल्यावर तो लावत आले होतेच, पण डॉक्टरांचं लक्ष गेलं ते १९३५ मध्ये. क्ष-किरणांमुळे भाजलेली त्वचा कोरफडीच्या ताज्या पानानं बरी झाल्याचा अहवाल अमेरिकेत छापून आला. हा गर ९८ ते ९९ टक्के पाणीच असतो. उरलेल्यात मुख्य म्हणजे अॅसिमॅनन, शर्करेच्या रेणूंची लांब साखळी.

पुरावा किती? किरकोळ आणि मध्यम भाजण्यावर बऱ्यापैकी. २००७ मध्ये चार चाचण्यांतले ३७१ रुग्ण एकत्र धरून हिशेब केला, तेव्हा जखम सरासरी नऊ दिवस आधी भरल्याचं दिसलं. पण उलटंही घडलं आहे. १९९१ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या उघड्या जखमा नेहमीच्या उपचारानं ५३ दिवसांत भरल्या, कोरफडीचं जेल लावलेल्यांना ८३ दिवस लागले. तेव्हा चुलीवर हात पोळला तर आधी वीस मिनिटं थंड पाण्याखाली धरावा, मग स्वच्छ धुतलेल्या पानाचा गर लावायला हरकत नाही. खोल भाजलं असेल किंवा जखम उघडी असेल तर थेट दवाखाना.

मुलांच्या खोकल्यावर पान भाजून त्याचा रस मधातून देतात. खोकला कमी होतोही, पण माझ्या मते त्याचं बरंचसं श्रेय मधाला द्यावं, कारण मधाच्या बाजूनं पुरावा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध अजिबात देऊ नये.

खरी काळजी बाटलीतल्या रसाची. अमेरिकेत २००२ मध्ये कोरफडीची रेचकं औषधांच्या दुकानांतून हटवली गेली, कारण ती सुरक्षित असल्याची माहिती उत्पादकांनी दिलीच नाही. पुढे चीक न काढलेल्या सबंध पानाचा अर्क दोन वर्षं पाण्यातून पाजलेल्या उंदरांच्या एका जातीत मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. त्यावरून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं अशा अर्काला ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. माणसांत तसं सिद्ध झालेलं नाही, पण रोज सकाळी उपाशीपोटी ‘पोट साफ’ करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. सततच्या जुलाबांनी शरीरातलं पोटॅशियम घटतं, हृदयाची किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर ते धोक्याचं. गरोदर बाईनं चीक पोटात घेऊच नये. घरी गर काढताना पान बुडख्याकडून कापून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवावं, चीक निथळू द्यावा, मग धुऊन साल काढावी.

एक खबरदारी आणखी. धुऱ्यावरची घायपात म्हणजे कोरफड नव्हे. तिच्या पानात दोरखंडाचे धागे असतात, गर नसतो, आणि तिच्या रसानं अंगाला आग होते.

मध्यंतरी कोरफड लागवडीची लाट येऊन गेली. रोपं विकणाऱ्यांनी पानं परत घेण्याचा शब्द दिला, कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी कमी लागणारं पीक हवंच होतं. पीक आलंही. पण तोडलेलं पान तासागणिक उतरतं, अॅसिमॅननच्या साखळ्या तुटत जातात. गाडीभर पानं म्हणजे बहुतेक पाणीच, ते दूरवर वाहून न्यायचं भाडंही निघत नाही. गर काढून टिकवणारा कारखाना जवळपास नसेल, तर रोप विकत घेण्याआधी हा हिशेब मांडलेला बरा.