न्यू एकोटाचे खिळे

मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र ‘दर्पण’ निघालं ६ जानेवारी १८३२ला. त्याच्या चार वर्षं आधी, २१ फेब्रुवारी १८२८ला, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात न्यू एकोटा नावाच्या छोट्याशा गावातून ‘चेरोकी फिनिक्स’चा पहिला अंक बाहेर पडला. आपल्याकडे मराठी-इंग्रजी, तिथे चेरोकी-इंग्रजी. त्या गोऱ्या सरहद्दीवर ‘जंगली’ म्हणून हिणवले जाणारे चेरोकी आदिवासी स्वतःचं वर्तमानपत्र काढत होते, आणि तेही स्वतःच्या लिपीत.

लिपी सेक्वोया या चांदीकाम करणाऱ्या माणसाची. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. गोऱ्यांचे कागद ‘बोलतात’ एवढं त्याने पाहिलं होतं. बारा-एक वर्षं खटपट करून १८२१ साली त्याने पंचाऐंशीच्या आसपास चिन्हं पक्की केली. आपल्या बाराखडीत ‘क’ला काना-वेलांटी लागते; इथे ‘ला’ला वेगळं चिन्ह, ‘ली’ला वेगळंच. काही आकार रोमनसारखे दिसतात, पण उच्चाराचा काडीचा संबंध नाही. इंग्रजी डब्ल्यूसारखं चिन्ह वाचायचं ‘ला’. पहिली शिकली त्याची लेक अयोका. मग काही वर्षांतच लिपी रानोमाळ पसरली.

तिचे छपाईचे खिळे ओतले गेले बोस्टनमध्ये, अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेच्या मदतीने. १८१३ साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी याच बोर्डाने धाडलेले. मराठी छपाईच्या सुरुवातीच्या इतिहासात ज्यांचा छापखाना येतो, तेच हे. चेरोकींमध्ये बोर्डाचा माणूस होता सॅम्युअल वूस्टर, आणि पत्राचा संपादक चेरोकी, इलायस बुडिनो.

चेरोकींनी १८२७ साली लेखी राज्यघटना केली होती. त्यांच्याकडे शेती, गिरण्या, न्यायालय होतं. काही धनाढ्यांकडे गुलामही होते. १८३५च्या खानेसुमारीत सोळा हजारांवर चेरोकी आणि दीड हजारांवर काळे गुलाम मोजले गेले. ‘सुधारा, म्हणजे जमीन राहील’ असं वॉशिंग्टन सांगत आलं होतं. ते सुधारले, आणि तीच अडचण झाली, कारण घटना करणारे लोक उठून जात नसतात. जॉर्जियाला तर ते जायलाच हवे होते. १८०२च्या करारात या राज्याने पश्चिमेकडची जमीन केंद्राला दिली होती, त्या बदल्यात आदिवासींचे हक्क संपवून घेण्याचं वचन मिळालं होतं. वर कापसाची भूक. १८२९च्या सुमारास चेरोकी डोंगरात सोनं सापडलं आणि धीर सुटला. २८ मे १८३० रोजी राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने आदिवासींना मिसिसिपी नदीपलीकडे घालवण्याच्या, हकालपट्टीच्या कायद्यावर सही केली.

पुढचा प्रकार वाचताना मला दर वेळी चीड येते. १८३२ साली जॉर्जियाने चेरोकी जमिनीची सोडत काढली. १६० एकरांचे तुकडे, सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे. पिंपातून चिठ्ठी निघाली की दुसऱ्याचं शेत तुमचं. चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस १८३५ साली वॉशिंग्टनहून परतला तेव्हा कूसा नदीकाठच्या त्याच्या घरात सोडत लागलेला माणूस येऊन राहिला होता. रॉस कुटुंब टेनेसीत एका लाकडी खोपटात गेलं.

कोर्टात मात्र चेरोकी जिंकले. जॉर्जियाच्या परवान्याशिवाय चेरोकी मुलखात राहिल्याबद्दल वूस्टरला चार वर्षं सक्तमजुरी झाली होती. ३ मार्च १८३२ला सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. तिथे जॉर्जियाचा कायदा चालत नाही, असा निकाल दिला. तरी वूस्टर जानेवारी १८३३पर्यंत तुरुंगातच होता.

मग फूट पडली. बुडिनोला वाटलं, आता निदान करार करून तरी जावं. २९ डिसेंबर १८३५ला न्यू एकोटात मूठभरांनी ५० लाख डॉलर्सवर सगळी पूर्वेकडची जमीन लिहून दिली. रॉसने हजारो नावांचा विरोध-अर्ज धाडला. सेनेटने दोन-तृतीयांश बहुमताला जेमतेम पुरतील एवढ्या मतांनी करार मंजूर केला. मे १८३८मध्ये जनरल स्कॉटचे सैनिक घरोघरी फिरले. आधी छावण्यांचे कोंडवाडे, मग हिवाळ्यात ओक्लाहोमाच्या दिशेने सुमारे तेराशे किलोमीटरची वाट. मिसिसिपी बर्फाने अडली होती. साधारण चार हजार मेले, असा अंदाज सांगितला जातो. त्याच वर्षी सोन्याच्या डहलोनेगात सरकारी टांकसाळ सुरू झाली. गावाचं नाव चेरोकी भाषेतलं, अर्थ ‘पिवळं’.

बुडिनोचा खून नव्या मुलखात, जून १८३९मध्ये, त्या कराराच्या रागातून चेरोकींच्याच हातून झाला. वूस्टरही तिकडेच गेला आणि छपाई करत राहिला. ‘फिनिक्स’ १८३४मध्येच बंद पडलं होतं. पुढल्या वर्षी जॉर्जियाच्या शिपायांनी छापखाना जप्त केला. १९५४ साली न्यू एकोटात उत्खनन झालं, तेव्हा मातीतून सेक्वोयाच्या अक्षरांचे शिशाचे खिळे निघाले. वूस्टरला जॉर्जियाने अधिकृत माफी दिली ती १९९२ साली.