आधी पॉवर, मग बीएनसी

कॅमेरा चालू आहे, रेकॉर्डिंग होतंय, व्ह्यूफाइंडरमध्ये चित्र स्वच्छ आहे, फक्त मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. केबल बदलली, मॉनिटर बदलला, तरी तेच. मग कोणीतरी कॅमेऱ्याच्या दुसऱ्या एसडीआय आउटला, म्हणजे चित्र बाहेर देणाऱ्या सॉकेटला, केबल लावून बघतं आणि चित्र येतं. म्हणजे पहिलं आउट गेलं. ना धूर, ना आवाज, ना जळका वास. तासाभरापूर्वी ते चालत होतं आणि मधल्या वेळात कुणी काही ‘केलेलं’ नसतं. फार तर बॅटरी बदललेली असते.

गोम नेमकी त्या बॅटरी बदलण्यातच असते. पण त्याआधी ती केबल काय वाहून नेते ते बघू.

फुल एचडी चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचं असतं हे आपल्याला माहीत असतं. एसडीआयमध्ये मात्र एका फ्रेमसाठी २२०० गुणिले ११२५ जागा राखलेल्या असतात; जादा जागेत ऑडिओ, टाइमकोड असा मजकूर जातो. प्रत्येक जागेला २० बिट आणि सेकंदाला ३० फ्रेम. गुणाकार करून पाहा: सेकंदाला १४८ कोटी ५० लाख बिट. एचडी-एसडीआयचा १.४८५ गिगाबिट हा आकडा इथूनच येतो. १२जी-एसडीआयमध्ये वेग याच्या आठपट. हे सगळं एका तांब्याच्या तारेतून, जेमतेम ०.८ व्होल्टच्या चढउतारात. ते घडवून आणते कॅमेऱ्यातली नखाएवढी चिप, तिला केबल ड्रायव्हर म्हणतात. तिला एक व्होल्टच्या आतबाहेरचं नाजूक काम करायचं असतं, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर १४.४ व्होल्टची व्ही-माउंट बॅटरी बसलेली असते. दोघींची गाठ पडू द्यायची नाही, एवढाच प्रश्न आहे.

आता करंटचा रस्ता पाहू. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट मॉनिटरमधून फिरून मायनसला परत आलाच पाहिजे. परतीसाठी पॉवर केबलमधली काळी तार असते. पण बीएनसीही (एसडीआय केबलच्या टोकाचा, फिरवून लॉक होणारा कनेक्टर) लावलेली असेल तर परतीचा आणखी एक रस्ता तयार होतो. बीएनसीचं बाहेरचं कडं कॅमेऱ्याच्या बॉडीला, बॉडी बॅटरीच्या मायनसला, आणि दुसऱ्या टोकाचं कडं मॉनिटरच्या मायनसला जोडलेलं असतं. कुठली तार चित्रासाठी आणि कुठली पॉवरसाठी, हे आपण ठरवलेलं. करंटला जिथे वाट सापडेल तिथून तो जातो.

आणि ही बॅटरी बदलण्याची वेळ. कॅमेऱ्याच्या बॅटरीवरच्या डी-टॅपमधून मॉनिटरला पॉवर दिलेली आहे. डी-टॅप म्हणजे दोन पिनांचं पॉवर सॉकेट आणि त्यात बसणारा प्लग. अटेंडंट जुन्या बॅटरीतून डी-टॅप उपटतो, नवी बॅटरी चढवतो, डी-टॅप परत खुपसतो. बीएनसी तशीच लावलेली. डी-टॅप थोडा तिरका गेला की प्लसची पिन आधी टेकते, मायनसची काही क्षणांनी. त्या क्षणांत मॉनिटरमधले रिकामे कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) जोरात करंट ओढतात. २५ वॅटचा मॉनिटर चालू असताना पावणेदोन अँपिअर घेतो. पहिला हिसका त्याच्या कितीतरी पट असतो. काळ्या तारेची वाट अजून उघडलेली नाही, म्हणून हा सगळा लोंढा एसडीआय केबलवरून कॅमेऱ्याकडे धावतो.

कडं घट्ट बसलेलं असेल, केबल जाड असेल तर कदाचित निभावतं. पण बीएनसी अर्धवट फिरवलेली असेल, किंवा नेमकी त्याच वेळी लावली जात असेल, तर आतली पिन कड्याच्या आधी टेकू शकते. मग मॉनिटरचं अख्खं ग्राउंड बॅटरीच्या व्होल्टेजपर्यंत उचललं जातं आणि करंटला परतीची एकच वाट उरते, ती म्हणजे मधली पिन आणि तिच्यामागची चिप. चिपच्या वाटेत एक छोटा कपॅसिटर असतो खरा, पण तो स्थिर व्होल्टेज अडवतो, अचानक आलेला धक्का पलीकडे जाऊ देतो. एसडीआयचं चित्र म्हणजे तरी काय, असे अचानक बदलच. ते जावेत म्हणूनच तो तिथे बसवलेला असतो. चिप डोळ्याची पापणी लवायच्या आत जाते.

म्हणून आरी, रेडसारखे कॅमेरे बनवणारेही जोडणीचा क्रम सांगतात. मॉनिटरचा स्विच बंद ठेवायचा, आधी पॉवर केबल लावायची, मग बीएनसी पूर्ण फिरवून लॉक करायची, शेवटी स्विच. काढताना उलटं: स्विच बंद, आधी बीएनसी, मग पॉवर. बॅटरी बदलतानाही हेच, मग डायरेक्टर कितीही घाई करोत. दहा सेकंद जातात. बोर्ड बदलायचा तर कॅमेरा सर्व्हिसला जातो.

यातला डी-टॅप हा मला सगळ्यात कच्चा दुवा वाटतो. त्याला लॉक नाही, दोन्ही पिना सारख्याच, आणि मोल्डिंग स्वस्तातलं असेल तर जोर लावून उलटाही बसतो. नवी केबल आली की मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासून मगच वापरावी. शक्य असेल तिथे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ॲक्सेसरी आउटमधून, लॉक होणाऱ्या लेमो कनेक्टरने पॉवर घ्यावी. मात्र तिथे व्होल्टेज वाचावं: काही आउट १२ व्होल्टची, काही २४ची, आणि प्रत्येक मॉनिटरला २४ सोसतातच असं नाही. सगळ्यात बिनघोर उपाय म्हणजे मॉनिटरच्या पाठीवर त्याची स्वतःची एनपी-एफ बॅटरी. मग त्याच्या पॉवरचं वर्तुळ त्याच्यापाशीच पूर्ण होतं आणि एसडीआयवरून परतायला काही उरतच नाही.

एचडीएमआयची तऱ्हा वेगळी. १९ बारीक पिना, लॉक नाही, मायक्रो आकाराचं सॉकेट तर केबलच्या वजनानेही सैल होतं. तिथे क्रमाइतकाच केबल क्लॅम्प महत्त्वाचा.

आता मॉनिटरची निवड. पहिला प्रश्न ब्राइटनेसचा, आणि इथे शर्टाचा रंग मध्ये येतो. भर दुपारी जमिनीवर सुमारे १ लाख लक्स प्रकाश पडतो. त्या उन्हात पांढऱ्या शर्टाची उजळता साधारण २५,००० निट (निट हे उजळतेचं एकक) भरते. साध्या काचेचा एक पृष्ठभाग त्यातला जवळपास ४ टक्के प्रकाश परत फेकतो. म्हणजे पांढरा शर्ट घालून मॉनिटरसमोर उभं राहिलं की काचेवर १००० निटचा शर्ट दिसतो, आणि त्याच्याखाली कुठेतरी आपली फ्रेम. काळ्या टीशर्टचं प्रतिबिंब ५० निटच्या आसपास. कॅमेरा टीम काळे कपडे घालते त्यात ऐट असेलही, पण हिशेबही आहे. ४०० निटचा मॉनिटर स्टुडिओत उत्तम. बाहेर उन्हात १००० निट ही सुरुवात धरावी आणि वर हूड किंवा काळं कापड हवंच. फक्त निट वाढवत नेले तर बॅटरी लवकर संपते आणि मॉनिटर तापतो.

एवढं करूनही डोळ्यावर विसंबून एक्सपोजर ठरवू नये. उन्हातून आलेल्या डोळ्याला तीच फ्रेम अंधारी वाटते आणि व्हॅनिटी व्हॅनमधून बाहेर आलेल्याला झगझगीत. त्यासाठी फॉल्स कलर असतो: चित्रातल्या प्रत्येक उजळतेला मॉनिटर एक ठरावीक रंग देतो. आरीच्या पद्धतीत १८ टक्के ग्रे, म्हणजे मधली राखाडी छटा, हिरवा दिसतो, त्याच्या एक स्टॉप वरचा (दुप्पट प्रकाशाचा) भाग गुलाबी, आणि लाल म्हणजे तिथला तपशील गेला. गोऱ्या चेहऱ्यावर गुलाबी शोधायचा हा ठोकताळा गव्हाळ-सावळ्या चेहऱ्यांना जसाच्या तसा लावू नये. आपल्याकडे चेहरा बरेचदा हिरव्याच्या आसपास असतो आणि ते योग्यच असतं.

लॉगमध्ये, म्हणजे मुद्दाम फिकट ठेवलेल्या चित्रात, शूट करत असाल तर मॉनिटरमध्ये लट (कुठल्या रंगाच्या जागी कुठला दाखवायचा याचा तक्ता) भरता यायला हवं, नाहीतर राखाडी, धुरकट चित्र बघून निर्माते घाबरतात. नेहमीचं ३३ पॉइंटचं लट म्हणजे ३५,९३७ रंगांची तयार उत्तरं. मधले रंग मॉनिटर हिशेबाने भरतो. फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरला यातल्या कशापेक्षा चित्र उशिरा न येण्याशी मतलब असतो. २४ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. दोन-तीन फ्रेमचा उशीर झाला की चालत येणारा नट फोकसच्या पुढे निघून गेलेला असतो.

राहिला डायरेक्टरचा मोठा मॉनिटर. तो बहुधा जनरेटरच्या लाइनवर, दोन पिनांच्या अडॅप्टरने चालतो. अशा अडॅप्टरला अर्थिंग नसतं आणि त्याच्या आतल्या फिल्टरमधून किंचित करंट गळून मॉनिटरच्या धातूवर येतो. टेस्टर टेकवला तर मंद पेटतो, हाताला मुंग्या आल्यासारखं होतं. करंट नगण्य, पण व्होल्टेज शंभरच्या घरात असू शकतं, आणि बीएनसी टेकताच ते कॅमेऱ्याच्या बॉडीवर उतरू पाहतं. तीन पिनांचा, खरोखर अर्थ केलेला बोर्ड वापरावा. नसेल तर तो मॉनिटरही बॅटरीवर घ्यावा. वायरलेस लावला तर दोघांमध्ये तांबंच उरत नाही, त्यामुळे ही भानगड मिटते. मात्र वायरलेसचा ट्रान्समीटर कॅमेऱ्यावरच बसतो, त्यालाही एक बीएनसी असते आणि बहुतेकदा एक डी-टॅप. तेव्हा त्यालाही आधी पॉवर, मग बीएनसी.