उंच लाकडी इमारत

ज्या बहुमजली इमारतीत खांब, तुळया, भिंती आणि मजल्यांचा भार मुख्यतः लाकूडच पेलते, ती उंच लाकडी इमारत. हे लाकूड म्हणजे एकसंध ओंडका नव्हे. स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांच्या फळ्या सुमारे १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात, मोठ्या गाठी कापून काढतात आणि फळ्या चिकटवून जोडतात. सगळ्या फळ्यांचे तंतू एकाच दिशेने ठेवले की ग्लुलॅम तयार होते; ते खांब आणि तुळयांसाठी. एकाआड एक थर आडवा-उभा ठेवला की सीएलटी (क्रॉस-लॅमिनेटेड टिंबर). ते भिंती आणि स्लॅबसाठी. वाड्यातला कडीपाट एकाच दिशेने भार नेतो, सीएलटीचा स्लॅब दोन्ही दिशांनी.

नॉर्वेतील ब्रुमुंडाल येथील म्यॉस्टोर्नेट (२०१९) ही १८ मजली, ८५.४ मीटर उंच इमारत या पद्धतीचा सर्वांत बोलका नमुना आहे. अमेरिकेत मिलवॉकीतील २५ मजली ॲसेंट (२०२२) तिच्याहून थोडी उंच, ८६.६ मीटर आहे. पण तिचे खालचे मजले आणि लिफ्ट-जिन्यांचे गाभे काँक्रीटचे आहेत. म्यॉस्टोर्नेटचा सांगाडा ग्लुलॅमचा आहे. कोपऱ्यातले खांब १४८५ × ६२५ मिलिमीटरचे आहेत आणि दर्शनी बाजूंना तिरप्या ग्लुलॅमच्या कैच्या आहेत.

स्प्रूसचे वजन काँक्रीटच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतके. त्यामुळे पायावरचा भार कमी होतो आणि उभारणी झटपट होते. व्हँकूव्हरच्या ब्रॉक कॉमन्स या १८ मजली वसतिगृहाचा लाकडी भाग ७० दिवसांच्या आत उभा राहिला. मात्र उंच गेल्यावर हाच हलकेपणा त्रास देतो. इमारत पडत नाही, पण वाऱ्याने डोलते आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला ते जाणवते. म्हणून म्यॉस्टोर्नेटच्या वरच्या सात मजल्यांना मुद्दाम ३०० मिलिमीटर जाडीचे काँक्रीटचे स्लॅब दिले आहेत. एवढे करूनही माथा कमाल १४० मिलिमीटर सरकेल असे धरले आहे.

खरी कसोटी सांध्यांची. तंतूंच्या दिशेने लाकूड जेवढा दाब सोसते, त्याच्या साधारण दहावा हिस्साच आडव्या दिशेने सोसते. शिवाय वाळताना ते आडवेच जास्त आकसते. खालचा आणि वरचा खांब यांच्यामध्ये मजल्याचा स्लॅब दाबून बसवला, तर दर मजल्याला थोडेथोडे दबत जाऊन वर पाइप आणि दरवाजांच्या चौकटी वाकतात. यासाठी खांबावर खांब थेट किंवा पोलादी तुकड्यातून टेकवतात. म्यॉस्टोर्नेटमध्ये खांबाच्या पोटात खाचा पाडून ८ मिलिमीटरच्या पोलादी पट्ट्या सरकवल्या आहेत आणि १२ मिलिमीटरच्या खिळींनी अडकवल्या आहेत. पोलाद लाकडाच्या आत दडवण्याचे कारण आग: उघडे पोलाद तापले की मऊ पडते.

लाकूड स्वतः मात्र मोजून जळते. ग्लुलॅमचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे ०.७ मिलिमीटर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाचे रक्षण करतो. दोन तासांत ८४ मिलिमीटर जळते. तापून कमजोर झालेला ७ मिलिमीटरचा थर त्यात धरा. वरच्या मापाचा खांब चारही बाजूंनी जळाला तरी १३०३ × ४४३ मिलिमीटर शाबूत गाभा उरतो. सीएलटीत धोका वेगळा आहे. सरस उष्णतेने सुटला की जळालेला थर गळून पडतो, ताजे लाकूड उघडे पडते आणि विझत आलेली आग पुन्हा भडकते. म्हणून अमेरिकेच्या सीएलटी मानकाने २०१८ पासून उष्णता सोसणारा सरस सक्तीचा केला.

एक घनमीटर स्प्रूसमध्ये साधारण ७०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन बंदिस्त असतो. तोडलेल्या जागी जंगल पुन्हा वाढले आणि इमारत दीर्घकाळ टिकली, तरच हा हिशेब खरा ठरतो.

टिकण्याच्या आड आगीपेक्षा पाणी जास्त येते. ओलावा दीर्घकाळ २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी लाकूड कुजवू लागते. बांधकामात पावसाचे पाणी स्लॅबच्या सांध्यांतून आणि खांबांच्या कापलेल्या टोकांतून शिरते, कारण टोकाकडून तंतू पाणी भराभर ओढतात. म्हणून टोकांना कारखान्यातच मेणाचा किंवा सीलरचा थर देतात, सांध्यांवर चिकटपट्टी लावतात आणि साचलेले पाणी त्याच दिवशी काढतात. ओल राहिलेल्या स्लॅबवर फरशीचा थर टाकला तर ती बाहेर पडायला वाट उरत नाही आणि कूज वर्षानुवर्षे दिसत नाही. त्यामुळे झाकण्याआधी प्रत्येक सांध्यापाशी ओलावामापकाच्या सुया टोचून आकडा नोंदवतात.