पाण्यातली नशा आणि बेंड्स: नायट्रोजन एक, दुखणी दोन

आमच्या बडोद्यात लालबागच्या तरणतलावावर डायव्हिंगचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "खोल गेलं की नायट्रोजन चढतो, म्हणून हळू वर यायचं." या एका वाक्यात दोन दुखणी कोंबली आहेत, आणि ही गल्लत जिवावर बेतू शकते. (पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नव्हे, दाबून भरलेली हवा असते, हेही एकदाचं लक्षात घ्या.)

नशा, म्हणजे दाबाखालच्या नायट्रोजनने डोक्यावर येणारी गुंगी (नार्कोसिस), बहुतेकांना ठाऊक असते. ३० मीटरच्या आसपास खोली दाखवणारं गेज दिसतं, पण आकडा डोक्यात शिरत नाही. थोडं वर आलं की उतरते.

बेंड्स तळाशी जाणवतच नाहीत. दाबाखाली नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर येताना दाब झपाट्याने घटला की त्याचे बुडबुडे होतात. खांदा ठणकतो, पाय लुळे पडू शकतात, तेही कधी कपडे बदलून चहा घेताना. उपाय शुद्ध ऑक्सिजन आणि रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे दाब पुन्हा वाढवून हळूहळू उतरवणारी बंद खोली. पुन्हा पाण्यात उतरणं हा उपाय नव्हे.

खरी मेख पुढे आहे. नशा तळाच्या एकूण दाबावर ठरते, तर बेंड्स तो दाब पृष्ठभागावरच्या दाबाच्या किती पट आहे यावर. समुद्रावर शिकलेल्याला हा फरक कधी दिसत नाही. तो दिसतो पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाकासारख्या उंचावरच्या तलावात. इंकांनी आणि त्यांच्याआधी तिवानाकूच्या लोकांनी तिथे नैवेद्य बुडवले, १९६८ मध्ये फ्रेंच समुद्रसंशोधक कूस्तो तिथे छोट्या पाणबुड्या घेऊन उतरला. उंची ३,८१२ मीटर. लडाखला नेलेला वेफरचा पुडा का फुगतो? बाहेरची हवा विरळ म्हणून. टिटिकाकाकाठी हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ०.६३ पट. समुद्रकाठच्या हवेचा दाब १ धरला, तर तिथे ३० मीटरवर एकूण दाब साधारण ३.५, समुद्रात त्याच खोलीवर ४. म्हणजे नशा उलट जरा कमी. पण पृष्ठभागाशी पट काढली तर समुद्रात ४ आणि इथे साडेपाचच्या वर. बेंड्सच्या हिशेबात ही समुद्रातली ४६ मीटरची बुडी झाली. डोकं साफ आहे म्हणून समुद्राच्या तक्त्याने (किती हळू यायचं, कुठे थांबायचं हे सांगणाऱ्या) वर येणारा इथेच फसतो.

ट्रायमिक्सनेही, म्हणजे हेलियम, ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या मिश्रणानेही, हा प्रश्न सुटत नाही. हेलियम नशा कमी करतो, पण तोही अंगात मुरतो, वर येताना थांबे घ्यावेच लागतात. आणि किनाऱ्यावर आल्यावरही गाडीत बसायची घाई नको: बोलिव्हियातल्या ला पाझचा रस्ता एल आल्तो शहरावरून, ४,००० मीटरच्या वरून जातो, आणि तिथे दाब आणखी घटतो.