एपिडॉरसच्या शेवटच्या पायरीवर

खाली एपिडॉरसच्या प्राचीन ग्रीक नाट्यगृहाच्या गोल रंगभूमीच्या मधोमध दगडाची एक वाटोळी चकती बसवलेली आहे. इथला बारीकसा आवाजही शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू येतो असं सांगत गाइडने तिच्यावर उभं राहून खिशातून कागद काढला, वर धरून सगळ्यांना दाखवला आणि फाडला. आम्ही अगदी वर, शेवटच्या पायरीवर होतो. आजूबाजूच्या पर्यटकांनी एकदम टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. ताईने मात्र माझ्याकडे वळून विचारलं, "तुला ऐकू आलं, की दिसलं?"

ताई श्रवणतज्ज्ञ आहे. दिवसभर बंद खोलीत लोकांच्या कानांची तपासणी करते, त्यामुळे हा प्रश्न तिच्या रोजच्या कामातला. मला मात्र उत्तर देता येईना. कागद फाटताना डोळ्यांनी पाहिलं होतं. आवाज कानात आला होता की मनानेच भरून काढला, हे खरंच सांगता येत नव्हतं.

एपिडॉरसचं हे नाट्यगृह ग्रीसच्या पेलोपोनीज भागात, लिगूरिओ गावाजवळच्या पाइनच्या जंगलात आहे. अथेन्सहून रस्त्याने दोन-अडीच तास लागतात. (याच नावाच्या किनाऱ्यावरच्या गावातही एक लहान प्राचीन नाट्यगृह आहे, बसचं तिकीट काढताना नेमकं कुठे जायचंय ते सांगावं.) इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस ते बांधलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी लेखक पॉसेनिअस वास्तुकार म्हणून पॉलिक्लिटसचं नाव देतो. चुनखडीच्या पायऱ्यांच्या एकूण ५५ ओळी, खालच्या भागात ३४ आणि वरच्या भागात २१; त्यांत १२ ते १४ हजार माणसं मावतात. पुढे शतकानुशतकं डोंगरावरची माती उतरून पायऱ्या झाकल्या गेल्या, म्हणूनच त्या इतक्या शाबूत राहिल्या. १८८१ साली पानागिस काव्वादिआस यांनी उत्खनन सुरू केलं, तेव्हा हे सगळं पुन्हा उजेडात आलं.

२१, ३४ आणि ५५ हे फिबोनाची मालिकेतले (जिथे प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज असतो) लागोपाठचे आकडे असल्याने सुवर्ण गुणोत्तराची (सुमारे १.६१८, सुंदर मानलं जाणारं प्रमाण) गोष्ट इथे हमखास सांगितली जाते. पण वरच्या २१ ओळी खालच्या भागानंतर पुष्कळ काळाने जोडल्या, असं अनेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर मूळ आराखड्यात हे गुणोत्तर होतं असं म्हणणं कठीण आहे. मला तरी आकड्यांच्या या जुळणीपेक्षा आवाजाचा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, कारण तो मोजता येतो.

तर मोजून पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. माणसाचं साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबल धरलं, तर दोन मीटरवर ५४, चार मीटरवर ४८, आणि शेवटच्या ओळीपर्यंतच्या साधारण ६० मीटरवर जेमतेम २४-२५ डेसिबल उरतात. रात्री निजानीज झालेल्या घरातही बहुधा याहून जास्त आवाज असतो. म्हणजे नुसत्या अंतराचा हिशेब केला, तर वर काहीच पोचायला नको.

पण तिथे नुसतं अंतर नाही. रंगभूमीची टणक जमीन आवाज परतवते आणि तो थेट येणाऱ्या आवाजात मिसळतो. पायऱ्यांचा चढ इतका उभा आहे की पुढच्याच्या डोक्यावरून आवाज मागच्याच्या कानापर्यंत सरळ जातो; सपाट मैदानात गर्दीवरून घासत जाणारा आवाज गर्दीच शोषून घेते. तिसरी गोष्ट २००७ साली समोर आली. जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाचे निको डेक्लेर्क आणि सिंडी डेकेसर यांनी गणिती प्रारूपाने दाखवलं की ठरावीक अंतराने येणाऱ्या या दगडी पायऱ्याच चाळणीसारखं काम करतात. साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) खालचा आवाज, म्हणजे झाडांची सळसळ, गर्दीची कुजबुज, वाऱ्याचा घुमारा, दबतो. त्यावरचा आवाज पायऱ्यांवरून विखरून श्रोत्यांकडे परत येतो.

इथे कोणीही विचारील, की पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर तर १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, मग तोही चाळणीत अडकणार नाही का? अडकतो. पण मूळ सुराच्या पटींत निघणारे वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा हरवलेला सूर स्वतःच उभा करतो. जुन्या टेलिफोनवरून फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, तरी बाबांचा भारदस्त आवाज आपण बाबांचाच म्हणून ओळखत होतो. ती किमया तारेची नव्हती, आपल्या मेंदूची होती.

मग २०१७ साली नेदरलँड्सच्या आइंटहोवेन तंत्रज्ञान विद्यापीठाच्या चमूने इथे आणि ग्रीसमधल्या आणखी दोन नाट्यगृहांत हजारो ध्वनिमापनं केली, आणि गाइड मंडळींचे ठरलेले प्रयोगही त्यांत तपासून पाहिले. पडलेलं नाणं आणि फाटणारा कागद यांचा आवाज नाट्यगृहभर जाणवतो, पण तो कशाचा आहे हे निम्म्या पायऱ्यांपर्यंतच ओळखता येतं. कुजबुज तर पुढच्या काही ओळींपलीकडे जात नाही. शेवटच्या ओळीत शब्द कळायला नटाला आवाज चढवावाच लागतो.

या निष्कर्षाने नाट्यगृहाची थोरवी कमी होते असं मला वाटत नाही. मोजलंय ते आजचं अवशेषरूप नाट्यगृह. रंगभूमीमागे पूर्वी इमारत होती, तिची भिंत नटाचा आवाज प्रेक्षकांकडे परतवत असणार. आज तिचा पायाच काय तो उरलाय. आणि तालमीत कमावलेला आवाज घेऊन येणाऱ्या नटासाठी ही जागा बांधली होती, कागद फाडणाऱ्यासाठी नव्हे. आजही उन्हाळ्यात इथे प्राचीन नाटकं होतात. १९६० साली ऑपेरा गायिका मारिया कॅलास इथे 'नॉर्मा' हा ऑपेरा गायली.

नाट्यगृह पाहून बहुतेक बसगाड्या परत फिरतात. पण एवढं मोठं नाट्यगृह गाव सोडून जंगलात का, याचं उत्तर तिथून दोन मिनिटांवरच्या लहानशा संग्रहालयात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेली ही इमारत. आतली बरीचशी शिल्पं प्लास्टरच्या प्रती आहेत, मूळ शिल्पं अथेन्सला. पण कोरीव लेखांच्या शिला आहेत त्या अस्सल.

हे एस्क्लेपिअसचं ठाणं होतं. वैद्यकाचा देव, हातात साप गुंडाळलेली काठी. दूरदूरचे रोगी इथे येत, स्नान करत, बळी देत आणि रात्री आबातोन नावाच्या लांबलचक ओसरीत झोपत. स्वप्नात देव येऊन उपचार करी किंवा औषध सांगे. बरे झालेल्यांच्या हकिकती माणसाएवढ्या उंच शिलांवर बारीक अक्षरांत कोरून आवारात उभ्या केल्या होत्या. पॉसेनिअसने अशा सहा पाहिल्या. आज सत्तरेक हकिकती वाचता येतात.

यूफानेस नावाच्या मुलाला मुतखडा. स्वप्नात देव विचारतो, "बरं केलं तर काय देशील?" मुलगा म्हणतो, "दहा सागरगोटे." (ग्रीक मुलं हा खेळ मेंढीच्या घोट्याच्या हाडांनी खेळत.) देव हसतो आणि त्याला बरं करतो. दुसऱ्या हकिकतीत एक हमाल वाटेत पडतो आणि मालकाचा पेला फुटतो. तुकडे जोडत बसलेल्या त्याला वाटसरू म्हणतो, आता हे एस्क्लेपिअसलाही जमायचं नाही. हमाल तसाच आवारात येतो, थैली उघडतो, तर पेला अखंड!

ताई ज्या हकिकतीपाशी थांबली, ती एका मुक्या मुलाची. विधी आटोपल्यावर देवळाचा सेवक मुलाच्या बापाकडे पाहून म्हणतो, "काम झालं तर वर्षाच्या आत नवस फेडीन असं वचन दे." आणि मुलगाच बोलतो, "देतो." बाप चक्रावून म्हणतो, "पुन्हा बोल." मुलगा पुन्हा बोलतो. ताई बराच वेळ काचेसमोर उभी होती. मग म्हणाली, "बापाने 'पुन्हा बोल' म्हटलं ना, तसंच प्रत्येक आईबाप म्हणतात. माझ्या खोलीत मी रोज ऐकते."

या शिलांवर शंकेखोरांनाही जागा आहे, हे मला फार आवडलं. अथेन्सची अँब्रोसिया एका डोळ्याने आंधळी. लंगडे आणि आंधळे नुसत्या स्वप्नाने बरे कसे होतील, म्हणून ती हकिकती वाचून हसते. देव तिला बरं करतो, पण अज्ञानाची खूण म्हणून चांदीचं डुक्कर वाहायला लावतो. म्हणजे चोवीसशे वर्षांपूर्वीही इथे "हे खरं कशावरून?" म्हणणारे येत होते, आणि त्यांना उत्तर द्यावं लागत होतं.

त्यांच्या शंकेला आज दोन गोष्टींची जोड देता येते. एक, आवारात कोणी मरू द्यायचं नाही आणि कोणी बाळंत होऊ द्यायचं नाही, असा नियम होता. गंभीर रोगी मरायला टेकला की बाहेर. त्यांच्यासाठी अखेर रोमन काळात अँटोनायनस नावाच्या धनिकाने निराळी इमारत बांधून दिली. त्यामुळे शिलांवर येतात ते फक्त बरे झालेले. न झालेल्यांची शिला नाही, आणि ती नसताना प्रमाण काढता येत नाही. दुसरी गोष्ट, बरं होण्याच्या अपेक्षेचा वेदना, मळमळ, थकवा यांवर खरोखर परिणाम होतो, हे आज नियंत्रित चाचण्यांतून माहीत आहे. मुतखडा मात्र अपेक्षेने विरघळत नाही.

आणि इथलं वैद्यक एकाच जागी थांबलं नाही. बाजूच्या कपाटात रोमन काळातली काशाची शस्त्रक्रियेची हत्यारं आहेत. याच ठिकाणी सापडलेल्या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या एका लेखात अपेलास नावाचा अपचनाने गांजलेला गृहस्थ देवाने सांगितलेलं पथ्य लिहून ठेवतो: ब्रेड आणि चीज खा, लेट्यूससोबत सेलरी खा, लिंबाच्या जातीच्या फळाची साल भिजवून ते पाणी पी, दूध मध घालून घे, पळायला जा, स्वतःची अंघोळ स्वतः कर, आणि सारखा चिडू नकोस. पाच शतकांत रात्रीच्या चमत्काराच्या जागी दिनचर्या आली होती. थकलेल्या माणसाला जंगलातली हवा, चालणं, बेताचं जेवण, आणि संध्याकाळी हजारो लोकांसोबत नाटक. नाट्यगृह इथे का, ते मला या लेखापाशी कळलं.

हिशेबाच्या शिलाही तितक्याच बोलक्या. एस्क्लेपिअसच्या देवळाचा बांधकामखर्च दगडावर कोरलेला आहे: वास्तुकार थिओडोटस, पगार वर्षाला ३५३ द्राख्मा (तेव्हाचं ग्रीक चलन), म्हणजे दिवसाला साधारण एक. कुठलं काम कोणी किती रकमेला घेतलं आणि त्याला जामीन कोण राहिलं, नावानिशी. देऊळ ४ वर्षं ८ महिने १० दिवसांत उभं राहिलं. थोलोस या गोल इमारतीला मात्र याच्या कित्येक पट काळ लागला; तिच्या तळाशी एकात एक गोल भिंतींचा चक्रव्यूह आहे आणि तो कशासाठी, यावर अजून एकमत नाही. तिच्यासाठीचा नमुना मानला जाणारा एक कोरिंथी स्तंभशीर्ष (पानांची नक्षी असलेला खांबाचा माथा) पुरलेल्या अवस्थेत सापडला. पानांच्या कडा इतक्या तलम, की काल कोरल्यासारख्या.

दुपारी उन्हाने गर्दी पांगली आणि आम्ही पुन्हा नाट्यगृहात गेलो. ताईने एका कागदावर दहा दोन-अक्षरी शब्द लिहिले, तिच्या तपासणीत असतात तसे, आणि तो मला न दाखवता खाली उतरली. मी शेवटच्या पायरीवर तिच्याकडे पाठ करून, वही घेऊन बसले. आधी ती कुजबुजली. वही कोरी राहिली. मग साध्या आवाजात: एवढंच कळत होतं की ताई बोलतेय, मी दहा शब्द लिहिले खरे, पण निम्मे अंदाजाने. तिसऱ्या खेपेस तिने छातीतून आवाज काढला, तेव्हा शब्द एकेक करून सुटे, कोरडे, कानाशी आल्यासारखे आले.

वर आल्यावर धाप लागलेल्या ताईने पाण्याची बाटली बाजूला ठेवून आधी वही तपासली. साध्या आवाजात चार बरोबर. चढ्या आवाजात नऊ. "ताट म्हटलं होतं," ती म्हणाली, "तू पाट लिहिलंस."