टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर? सोलोला (पहिल्यांदा एकट्याने उडवायला) जायच्या आधी वाचा

आमच्याकडे सेसना १७२ एस या एका इंजिनाच्या विमानावर शिकणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिलंय, आईवडिलांनीही वाचावं, कारण "एकच इंजिन आहे, ते बंद पडलं तर?" हे प्रत्येक घरातून विचारलं जातं आणि विचारायलाच पाहिजे.

इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येत नाही, ते ग्लाइड करतं, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत पुढे जातं, हजार फूट उतरताना साधारण दीड नॉटिकल मैल (पावणेतीन किलोमीटर). पण टेकऑफनंतर हजार फूट हातात नसतात, तीनशे-चारशे असतात.

चढताना नाक वर असतं, पॉवर गेली की स्पीड काही सेकंदांत पडतो. म्हणून आधी योक (विमानाचं स्टिअरिंग) पुढे, नाक खाली! समोर नुसती जमीन दिसते, हात आपोआप मागे ओढायला बघतो आणि तिथेच स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल जाते. मॅन्युअलमध्ये यासाठीचा स्पीड फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) वर असताना ७० नॉट (तासाला ७० नॉटिकल मैल), खाली असताना ६५ दिलाय, हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगता आले पाहिजेत.

आणि मागे वळू नका. रनवे मागेच तर आहे असं वाटतं, पण १८० डिग्री वळून तुम्ही रनवेच्या बाजूला निघता, रनवेवर नाही, रेषेत यायला अजून वळावं लागतं आणि उंची तर संपत आलेली असते. उंची न सोडता वळताना (लेव्हल टर्न) ४५ डिग्री बँकमध्ये, म्हणजे विमान तेवढं कलल्यावर, स्टॉल स्पीड (ज्याखाली स्टॉल होतो तो) जवळजवळ १९ टक्के वाढतो. त्यात टेकऑफ वाऱ्यासमोर केलेला असतो, मागे वळलं की तोच वारा पाठीमागून. १० नॉट वारा असेल तर ५५ नॉटला टेकणारं विमान समोरच्या वाऱ्यात जमिनीवर ४५ ने टेकतं, पाठच्या वाऱ्यात ६५ ने, म्हणजे जिरवायची ऊर्जा दुपटीहून जास्त. त्यापेक्षा समोरचं, थोडं डावी-उजवीकडचं रान बघा, कापणी झालेलं असेल तर उत्तम, उभा ऊस शक्यतो टाळा. विजेची तार वरून दिसत नाही, खांब दिसतात, ते शोधा.

वेळ मिळाला तरच मिक्श्चर कट-ऑफ (इंजिनाचं इंधन बंद), फ्युएल शटऑफचा (टाकीकडून येणारं इंधन बंद करणारा) नॉब बाहेर, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) बंद, दार अनलॅच. फ्लॅप विजेवर चालतात म्हणून फ्लॅप घेतल्यावरच मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद करायचा.

आम्ही प्रत्येक टेकऑफआधी हे सगळं मोठ्याने म्हणायला लावतो, मुलं कंटाळतात, तरी लावतो. पावसाळ्यात तर इंधनाच्या टाकीत पाणी साठून इंजिन बंद पडायची भीती जास्त, म्हणून १७२ एस चे १३ च्या १३ ड्रेन (इंधनाचा नमुना काढून पाणी बघायची तोंडं) तपासल्याशिवाय इन्स्ट्रक्टर विमानात बसणार नाही, उशीर झाला तरी चालेल.